गॅलनला किती देते

आमच्या घरी मोटारीआधी मोटारीची समिती आली. ती दर रविवारी सकाळी भरे, पोह्यांनी सुरू होई आणि दुसऱ्या चहानंतर काहीही न ठरवता उठे. मी तेव्हा पुण्याच्या एका दैनिकात उपसंपादक होतो. नगरपालिकेच्या सभांचे लांबलचक वृत्तान्त कापून अर्ध्या रकान्यात बसवणे हे माझे काम. घरातल्या त्या बैठकांपेक्षा नगरपालिकेच्या सभा अधिक निर्णायक असत, असे माझे आजही मत आहे.

समितीत तिघे होते. अध्यक्ष माझा थोरला भाऊ. पिंपरीच्या माळावर मुंबई रस्त्यालगत जे नवे कारखाने उभे राहत होते, त्यांतल्या एकाच्या प्रयोगशाळेत दादा रसायनतज्ज्ञ होता. दुसरे सभासद त्याच कारखान्याच्या हिशेबखात्यातले. हे गृहस्थ बोलण्यापूर्वी खिशातली पेन्सिल काढत आणि बोलून झाल्यावर परत ठेवत. मध्ये तिचा उपयोग करताना कोणी पाहिले नाही. तिसरे यंत्रशाळेतले इंजिनियर. प्रत्येक चर्चेत त्यांचे मत असे पडे की इंग्लंडमध्ये हा प्रश्न उद्भवलाच नसता. ते इंग्लंडला गेले नव्हते.

तिघेही पुण्यात राहत आणि तिघांनाही रोज पिंपरी गाठावी लागे. आज या अंतराचे कोणाला काही वाटणार नाही. तेव्हा सायकल, पॅसेंजर गाडी आणि स्टेशनपासून माळावरची पायपीट असा तो उद्योग होता, आणि गाडी चुकली तर दिवसच चुकला. म्हणून ठरले असे की दादाने जुनी मोटार घ्यायची, इतर दोघांनी तिच्यातून यायचे आणि पेट्रोलचा खर्च तिघांनी वाटून घ्यायचा. नव्या मोटारीसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे, म्हणून जुनी. आणि पेट्रोल तिघांच्या माथी, म्हणून ती थोड्या पेट्रोलवर धावणारी हवी. गॅलनला किती मैल देते, एवढा एकच प्रश्न समितीने स्वतःपुढे ठेवला होता. तो सुटेपर्यंत दुसरा कोणताही प्रश्न विचारायला बंदी होती.

दुसरा प्रश्न घरातच होता. तो पोहे करत होता.

वहिनी पेठेतल्या एका मुलींच्या शाळेत भूगोल शिकवत. तीन वर्षे त्या हंगामी होत्या. दर उन्हाळ्यात शाळा त्यांना सोडी आणि दर जूनमध्ये परत घेई. त्या वर्षी मुख्याध्यापिकाबाईंनी त्यांना बोलावून सांगितले की एक जागा कायम होते आहे, ती तुमची. अट एकच. बाईंच्या कानावर गेले होते की दादाचा कारखाना अधिकाऱ्यांना पिंपरीला घरे बांधून देतो आहे. तुम्ही तिकडे राहायला जाणार असाल तर जागा दुसरीला देते, बाई म्हणाल्या. पिंपरीहून येणारी शिक्षिका पहिल्या तासाला हजर होईल यावर माझा विश्वास नाही. सुट्टी लागण्यापूर्वी काय ते कळवा.

वहिनींनी हे घरी सांगितले तेव्हा मी हजर होतो. दादा कठोर माणूस नव्हता. त्याने विचार केला आणि म्हटले, "मोटार झाली तर पुण्यातच राहू. परवडली नाही तर क्वार्टर घ्यावं लागेल. बघू, गॅलनला किती देते."

अशा रीतीने एका बाईची नोकरी कार्ब्युरेटरला जोडली गेली. जोडणाऱ्याला त्यात काही वावगे दिसले नाही, आणि खरे सांगायचे तर त्या काळी बहुतेकांना दिसले नसते.

समितीपुढे पहिल्यांदा एक अवाढव्य अमेरिकन मोटार आली. ती कुठल्यातरी संस्थानिकाच्या दिवाणाची होती. तिच्यात समिती आरामात मावली असती, आणि पोह्यांची कढईही. ती पंधरा मिनिटांत नाकारली गेली. समितीच्या कारकिर्दीत इतक्या चपळाईने दुसरे काही झाले नाही. उरल्या दोन लहान मोटारी. एक डेक्कनवरच्या एका डॉक्टरांची, इंग्लिश बनावटीची, जुनी पण निगेतली. दुसरी तिच्याहून थोडी नवी, चिंचवडच्या एका जमीनदार शेतकऱ्याची.

या शेतकऱ्याची माळजमीन कारखान्यांसाठी गेली होती आणि भरपाई आल्या आल्या त्याने मोटार घेतली होती. त्याला ती चालवता येत नव्हती. ठेवलेला ड्रायव्हर कारखान्यात लागला, तेव्हापासून मोटार गोठ्यात बैलांशेजारी उभी होती आणि तिच्या टपावर कडब्याच्या पेंढ्या रचलेल्या होत्या. आम्ही गेलो तेव्हा त्याने त्या आमच्यादेखत उतरवल्या, धोतराच्या सोग्याने काच पुसली आणि आम्हांला बाजेवर बसवले. दादाने पहिलाच प्रश्न नेहमीचा विचारला.

"किती पिते, ते आमी कवा इचारलं न्हाई," तो म्हणाला. "दावणीच्या बैलाला इचारता का राव, आज पेंड किती खाल्लीस म्हून?"

मोटार कितपत चालली आहे, असे इंजिनियरांनी विचारले. तीन वराती आणि एक सत्कार, असे उत्तर आले. चारही वेळा बँडच्या मागून. दादाने माझ्याकडे पाहून नापसंतीने मान हलवली. अडाणी माणूस, असा त्याचा अर्थ होता. हा अडाणी माणूस पुढे समितीकडून स्वतःच्या तोंडची किंमत घेऊन मोकळा झाला, हे येथे नमूद करून ठेवतो.

निवड शास्त्रीय चाचणीने करायचे ठरले. दादाने प्रयोगशाळेतून काचेचे एक मोजपात्र आणि रबरी नळी आणली. पेट्रोलची टाकी बंद करायची, मोजपात्रातले ठरावीक पेट्रोल नळीने थेट इंजिनाला द्यायचे आणि गाडी बंद पडेपर्यंत चालवायची; जी जास्त लांब जाईल ती जिंकली. मोजपात्र डोळ्यांच्या पातळीवर धरून दादा पेट्रोल थेंबाथेंबाने सारखे करी. त्या वेळी कोणी बोललेले त्याला चालत नसे. हिशेबखात्याचे गृहस्थ पेन्सिल हातात घेऊन उभे राहत.

चाचणीच्या आधल्या रविवारी समितीने आणखी एक गोष्ट केली. इंजिनियरांचे म्हणणे असे की वजन हा पेट्रोलचा शत्रू. म्हणून तिघे पुणे स्टेशनवर गेले आणि नाणे टाकून वजन सांगणाऱ्या यंत्रावर उभे राहिले. त्या यंत्रातून वजनाबरोबर भविष्य छापलेले तिकीट येई. दादाच्या तिकिटावर स्त्रीवर्गाकडून लाभ असे भविष्य निघाले. तो तिकिटाची दुसरी बाजूच पाहत होता.

चाचणी एप्रिलमध्ये, रविवारी दुपारी झाली. समितीने वेळेचीही काटकसर केली. डॉक्टरांची मोटार पुण्यात होती, ती वाकडेवाडीपासून पिंपरीच्या दिशेने चालवायची. ती थांबेल तिथून डॉक्टरांचा ड्रायव्हर तिला परत नेईल. समिती बसने पुढे चिंचवडला जाईल आणि शेतकऱ्याची मोटार तिथून पुण्याच्या दिशेने चालवत आणेल. जाताना एकीची परीक्षा, येताना दुसरीची. एका फेरीत काम. मला साक्षीदार म्हणून नेले होते, कारण वर्तमानपत्रात काम करणारा माणूस निःपक्षपाती असतो असा दादाचा समज होता.

डॉक्टरांची मोटार दापोडीचा पूल ओलांडून कासारवाडीच्या अलीकडे थांबली. तोंडावर धूळ बसत होती; रस्त्याकडेच्या बाभळी आमच्या बाजूला वाकल्या होत्या. पुण्याहून खडकीला, दापोडीला सायकलने कामावर जाणारा कोणीही सांगेल की उन्हाळ्याच्या दुपारी त्या रस्त्याने पिंपरीकडे पायडल मारणे म्हणजे काय असते. समितीतले तिघे इतकी वर्षे याच दिशेने जात होते, पण आगगाडीच्या डब्यात बसून.

शेतकऱ्याची मोटार चिंचवडहून निघाली आणि झपाट्याने आली. धूळ आता मागून येऊन आम्हांला ओलांडून पुढे जात होती. पूल आला, पूल गेला, खडकीचा बाजार मागे पडला. इंजिनियर म्हणाले, हे इंग्लंडमध्येही ऐकले नव्हते. मोटार थांबली तेव्हा दादाने खाली उतरून तिच्या बॉनेटवर हात ठेवला. लग्नात नवऱ्यामुलाच्या पाठीवर ठेवतात तसा.

घरी आल्यावर पोहे झाले. सगळी हकीकत वहिनींना सांगण्यात आली. म्हणजे त्या ताटल्या उचलत असताना त्यांच्या अंगावरून एकमेकांना सांगण्यात आली. त्या दाराशी थांबल्या आणि त्यांनी एक प्रश्न विचारला.

"पहिली गाडी पश्चिमेकडे नेलीत आणि दुसरी पूर्वेकडे आणलीत?"

दादा हो म्हणाला.

"मग एकीला वारा समोरून आणि एकीला पाठीमागून. दोन्ही एकाच दिशेनं न्यायला हव्या होत्या."

इंजिनियर हसले. "वहिनी, ही मोटार आहे. शिडाची होडी नव्हे."

हिशेबखात्याच्या गृहस्थांनी पेन्सिल काढली. "वाऱ्याला पैसे पडत नाहीत," ते म्हणाले, "आणि फुकटची वस्तू हिशेबात धरत नाहीत." पेन्सिल परत गेली.

मी म्हटले, वहिनी बरोबर सांगताहेत, निदान एकदा उलट दिशेने चाचणी घ्या. त्यावर मला सांगण्यात आले की साक्षीदाराने मत द्यायचे नसते. दादा वहिनींना समजावणीच्या सुरात म्हणाला, "अगं, मी थेंब थेंब मोजलंय." ते खरे होते. थेंब मोजणाऱ्याला वारा दिसत नाही, एवढाच त्यात दोष होता.

दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन वहिनींनी मुख्याध्यापिकाबाईंना सांगितले की मी पहिल्या तासाला हजर राहते, जागा मला द्या. हे घरात कोणालाच माहीत नव्हते, मलाही नव्हते. समितीने ज्या दिवशी मोटार पसंत केली, त्याच दिवशी वहिनींनी मोटारीवर विसंबणे सोडून दिले, हे मला नंतर उमगले.

मोटार आली. नारळ फुटला, हार पडला. त्या दिवशी वहिनी तिच्यात बसून चौकापर्यंत जाऊन आल्या. ती त्यांची पहिली फेरी. पुढे किती झाल्या हे सांगायला एका हाताची बोटेही जास्त होतील. जूनमध्ये शाळा सुरू झाली तेव्हा त्यांनी एकदा विचारले की सकाळी जाताना मला शाळेशी सोडता का. दादाने नाही म्हटले नाही. त्याने समजावून सांगितले की सकाळी इंजिन थंड असते, थंड इंजिन जास्त पिते, त्यात पेठेतली वळणे आणि थांबणे. सरासरीवर परिणाम होतो. वहिनी छत्री घेऊन चालत गेल्या. ज्या मोटारीने त्यांची नोकरी टिकायची होती, तिला त्यांची नोकरी वाटेत पडत नव्हती.

सरासरी मात्र काही केल्या चाचणीइतकी येईना. पावसाळ्याचा वारा सुरू झाला होता. रोज सकाळी तो मोटारीच्या नाकावर आदळे. संध्याकाळी तो पाठीशी असे, पण तोवर सकाळचे नुकसान झालेले असे आणि समितीचा पारा चढलेला असे. वाऱ्याचा उल्लेख कोणी केला नाही. तो हिशेबातून आधीच वगळला होता. त्याऐवजी मोटारीला शिस्त लावण्यात आली. जादा चाक काढून घरी ठेवले. जॅक काढला. मागची गादी काढून सतरंजी अंथरली. खडकी संपून रस्ता नदीकडे उतरतो, तिथे इंजिन बंद करून पुलापर्यंत घरंगळत जायचे, असा नियम झाला. पुलावर बैलगाड्यांची रांग असली की घरंगळ तिथेच मोडे. मग हिशेबखाते आणि यंत्रशाळा पावसात उतरून मागून ढकलत आणि प्रयोगशाळा स्टिअरिंगशी बसून बटण दाबी. दापोडीच्या चहाच्या टपरीवरची माणसे हे रोज पाहत. एकाने दादाला विचारले, "साहेब, ही गाडी का आणली राव, तिघं चालत गेला असता तर लवकर पोचला नसता का?" दादाने मला हे संतापून सांगितले.

व्हायचे ते श्रावणात झाले. कासारवाडीला चाक फुटले. जादा चाक पुण्यात पलंगाखाली होते. समिती भोसरीकडून आलेल्या गवताच्या ट्रकवर बसून कारखान्यात पोहोचली आणि त्या दिवशी तिघांनाही साहेबांपुढे उभे राहावे लागले. दुसऱ्या आठवड्यात हिशेबखात्याच्या गृहस्थांनी पेन्सिल काढून सांगितले की आगगाडीचा पास पेट्रोलच्या वाट्यापेक्षा स्वस्त पडतो. हे त्यांना पहिल्याच रविवारी काढता आले असते. पण तेव्हा पोहे होते. महिनाभरात इंजिनियरांनी मोटारसायकल घेतली. ती गॅलनला किती देते हे सांगायला ते मुद्दाम घरी आले.

दादा एकटाच उरला. एकट्याने ती मोटार चालवणे त्याला अशक्य नव्हते. पगार बरा होता. पण मोजपात्राने दिलेला आकडा आणि रस्त्याने दिलेला आकडा यांच्यातले अंतर त्याला सहन होईना. त्याच्या मते यात फसवणूक झाली होती. कोणी केली हे त्याला ठरवता येत नव्हते, आणि संशयितांच्या यादीत तो स्वतः नव्हता. दसऱ्याच्या सुमारास तो जेवताना म्हणाला, क्वार्टर मिळते आहे, आपण पिंपरीला जाऊ. मग वहिनींकडे वळून, खरोखरच हळहळून, म्हणाला, "तुझ्या शाळेचं वाईट वाटतं. पण मी शक्य ते सगळं करून पाहिलं."

"शाळेचं काय?" वहिनी म्हणाल्या. "मी एप्रिलमध्येच हो सांगितलंय. कायम झाले."

दादाचा घास हातात राहिला. "पण बाईंची अट होती ना, पिंपरीला जायचं नाही?"

"अट पहिल्या तासाला हजर राहायची होती. हजर राहीन. पास काढते."

"रोज? इतक्या लांब?"

"तुम्ही इतकी वर्षं जातच होतात की."

मी ताटाकडे पाहत राहिलो. साक्षीदाराने अशा वेळी हेच करायचे असते.

क्वार्टर चांगले होते. दोन खोल्या, स्वयंपाकघर, नळ, पुढे तारेचे कुंपण. मी त्यानंतर पुण्यात खोली घेतली, पण रविवारी जात असे. सकाळी वहिनी सगळ्यांचे करून, डबा घेऊन स्टेशनवर जात. शिवाजीनगरला उतरून, पूल ओलांडून शाळेत. थंडीत, उन्हात, पावसात. मुख्याध्यापिकाबाईंनी सुरुवातीला काही दिवस दारात उभे राहून पाहिले म्हणतात. मग पाहणे सोडून दिले. वहिनींच्या प्रवासासाठी कोणी समिती नेमली नाही. त्यांचे वजन कोणी केले नाही.

दादाची मोटार क्वार्टरच्या दारात असे. कारखान्याचे फाटक तिथून दिसे. तो मोटारीने फाटकापर्यंत जाई, कारण उभी राहिली तर बॅटरी उतरते. भोंगा झाला की निघे आणि भोंगा संपण्याआधी पोहोचे. चालत जाणारे शेजारी त्याच्या आधी निघून त्याच्याबरोबर पोहोचत. जादा चाक पुन्हा जागेवर बसले होते. आता त्याची गरज नव्हती.

एका रविवारी कारखान्यात नव्याने लागलेला एक अधिकारी चहाला आला. त्यालाही मोटार घ्यायची होती; तो पुण्याहून येत होता. दादा त्याला बाहेर घेऊन गेला, बॉनेट उघडून दाखवले आणि चाचणीचा आकडा सांगितला, एप्रिलचा. पाहुणा भारावला. लांबच्या रोजच्या प्रवासाला अशीच गाडी हवी, तो म्हणाला. तुम्ही रोज किती जाता? दादा घुटमळला.

वहिनी चहा घेऊन दारात आल्या होत्या. "ते रोज लांब जात नाहीत," त्या म्हणाल्या. "रोज लांब मी जाते. साखर किती?"

पुढे दोन वर्षांनी दादाने ती मोटार विकायला काढली आणि छोट्या जाहिरातीचा मजकूर घेऊन माझ्याकडे कचेरीत आला. जाहिरातीला शब्दागणिक आकार होता, म्हणून त्याने मजकूर घरीच तीनदा आटवला होता. मोटार लहान, सुस्थितीत, फार थोडी चाललेली, पेट्रोल अत्यंत कमी, रोजच्या लांब प्रवासास उत्तम. शब्द आणखी कमी होतील का, असे त्याने विचारले. शेवटचे चार काढता येतील, मी म्हटले. त्याने त्यांच्याकडे बराच वेळ पाहिले आणि ते राहू दे म्हणाला. मग घड्याळ पाहून लगबगीने उठला. संध्याकाळची गाडी गाठायची होती. वहिनी डब्यात जागा धरून ठेवणार होत्या.